कुर्म्यातले डॉक्टर

डॉक्टर कुर्म्यात राहायला गेले, हे मला धानोऱ्याच्या बाजारात एका ट्रॅक्टरवाल्याने सांगितलं. सांगताना तो हसत होता. आजूबाजूचे ऐकणारेही हसले.

गोंडांच्या गावात वस्तीच्या कडेला एक ठेंगणी झोपडी असते. पाळीच्या दिवसांत बाई घर सोडून तिथे राहते. घरचं माणूस तिचं जेवण दारापासून लांब ठेवून जातं. पुरुष त्या बाजूला फिरकत नाही. ही झोपडी म्हणजे कुर्मा. डॉक्टर पुरुष होते, पन्नाशी ओलांडलेले, आरमोरीकडच्या बौद्ध शेतकरी घरातले, आणि धानोऱ्याच्या पुढे जंगलातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राचे कंत्राटी वैद्यकीय अधिकारी. मी गडचिरोलीच्या एका दैनिकासाठी तो तालुका पाहत असे. त्यामुळे त्या केंद्रावर माझं जाणंयेणं होतं, आणि बातमी नसली तरी डॉक्टरांना ऐकायला मी थांबत असे.

डॉक्टरांच्या दोन भाषा होत्या. मन ठिकाणावर असलं की ते झाडीबोलीत बोलत. चिडले की पुस्तकी मराठी सुरू होई. "काऊन वो, गोळ्या नाई खाल्ल्या?" असं विचारलं तर बायका हसत उत्तर देत. "आपण औषध का घेतलं नाही?" असं विचारलं की बाई पदर सावरून उभी राही. केंद्रातल्या परिचर कमलबाई त्याच गावच्या. झाडलोट, पाणी, चूल, बाळंतिणीची अंघोळ, सगळं त्यांच्याकडे. त्या पेशंटला ओसरीतच सावध करत, "आज डॉक्टर आपण-आपण करून राह्यले. जपून जा."

'लाभार्थी' हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. आरोग्यसेविका एकदा सहज म्हणाली की आज लाभार्थी कमी आहेत.

"लाभार्थी मी आहो," डॉक्टर म्हणाले. "पगार मले भेटते. त्यायले काय भेटते, सांग."

त्या आठवड्यात औषधाच्या कपाटात काय शिल्लक होतं, हे सेविकेला ठाऊक होतं.

लहान मुलांचं वजन करायचा काटा मोडला होता. नव्याची मागणी गेली, निधी नाही असं उत्तर आलं. डॉक्टरांनी गावातल्या मोहाच्या व्यापाऱ्याचा काटा मागून आणला. मोहफुलं तोलायच्या त्या काट्याला कापडाची झोळी टांगून त्यात पोरं ठेवायची, अशी पद्धत पडली. मोहाचा हंगाम आला की व्यापारी काटा परत नेई. मग डॉक्टर मासिक अहवालात लिहीत, 'मोहाच्या हंगामात बालकांचे वजन वाढत नाही.' वर कुणी तरी हे वाचून चिडेल, विचारायला येईल, अशी त्यांची अपेक्षा होती. एका वर्षी तालुक्याच्या बैठकीत हे वाक्य निष्कर्ष म्हणून वाचून दाखवण्यात आलं, आणि मोहफुलं वेचणाऱ्या मातांसाठी जनजागृती करावी असा ठराव झाला. काटा आला नाही.

पुढे प्रत्येक कामाचा पुरावा म्हणून फोटो पाठवायचा नियम आला. फोटोवर जागेचे अक्षांश-रेखांश उमटलेले हवेत, त्याशिवाय ॲप तो स्वीकारत नसे. पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांनी रिकाम्या कपाटाचा फोटो पाठवला. खाली लिहिलं, 'सर्व व्यवस्थित.' उत्तरादाखल वरून अंगठ्याचं चिन्ह आलं. तो अंगठा ते पुढे कितीतरी दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत.

ते प्रेमळ होते असं म्हणता येणार नाही. आरोग्यसेविकेने त्यांची जुनी मच्छरदाणी फाटकी समजून टाकून दिली, तेव्हा ते तिच्याशी बरेच दिवस बोलले नाहीत. निरोप कमलबाईंमार्फत जात, दोघंही एकाच खोलीत बसलेली असताना. दारू पिऊन बायकोला घ्यायला आलेल्या एका नवऱ्याच्या चपला त्यांनी नाल्यात फेकल्या होत्या. चूक कबूल करणं त्यांना जमत नसे. चूक उघड झाली की ते म्हणत, "हे मी आधीच म्हटलं होतं," आणि विषय बदलत.

माहेरघराच्या बाबतीत मात्र त्यांना तसं म्हणता आलं नाही.

ही योजना कागदावर चांगली आहे. पावसाळ्यात नाल्यांनी तुटणाऱ्या गावांतल्या गरोदर बाईने दिवस भरायच्या आधीच केंद्रावर यायचं, सोबत घरचं एक माणूस आणायचं, तिथेच राहायचं, जेवायचं, आणि बाळंत होऊन घरी जायचं. त्यासाठी केंद्राच्या आवारात एक इमारत बांधून मिळाली. कंत्राटदाराला मागची बाजू सोयीची पडली. नाल्याकडे, मुख्य इमारतीपासून लांब, ठेंगण्या छपराची, एका दाराची, केंद्राकडच्या भिंतीला खिडकी नसलेली. दारावर पाटी लागली, 'माहेरघर'.

बायका यायच्या, आवारातूनच त्या इमारतीकडे बघायच्या आणि परत जायच्या. डॉक्टर संतापले. गावोगाव फिरून त्यांनी पुस्तकी मराठीत भाषणं केली. दवाखान्याची भीती, अंधश्रद्धा, नवऱ्यांची बेपर्वाई, सगळी कारणं त्यांनी सांगून पाहिली. बायका मान डोलवत आणि येत नसत.

एका दुपारी त्यांना माहेरघरामागे लुगडी वाळत घातलेली दिसली. दारातून दोन बायका आत बसलेल्या दिसत होत्या. डॉक्टरांनी रक्तदाबाचं यंत्र उचललं आणि जवळजवळ पळतच तिकडे गेले. मी ओसरीत बसलो होतो. पुढच्या क्षणी आतून किंकाळ्या ऐकू आल्या आणि कमलबाई हातातली बादली टाकून धावल्या.

"डॉक्टर, बाहेर या! बाहेर या जी! त्या बाहेर बसल्या आहेत!"

"आत बसल्या आहेत! मला दिसत नाही का?"

"आत नाई जी, बाहेर बसल्या आहेत! बाहेरच्या आहेत त्या!"

डॉक्टरांच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. ते यंत्र छातीशी धरून पाठमोरेच बाहेर आले. दोन्ही बायका तोंडावर पदर घेऊन आधी रडत होत्या आणि मग हसायला लागल्या. गावच्या कुर्म्याची आधाराची मेढ पावसात पडली होती. त्यानंतर सरकारने गावाला पक्का कुर्मा बांधून दिला, अशीच सगळ्यांची समजूत होती. जागा कुर्म्याची असते तशीच, वस्तीच्या कडेला, पाण्याच्या बाजूला. छप्पर ठेंगणं. दार एक.

"तुमाले माईत होतं?" डॉक्टरांनी कमलबाईंना विचारलं.

"गावालेच माईत होतं. मले वाटलं, सरकारले आपली कीव आली."

"आणि पाटी? माहेरघर लिहिलेलं आहे तिथे."

"पाटी कोण वाचते जी?"

दोन जीवाची बाई कुर्म्यात का येऊन बसत नाही, याचं उत्तर डॉक्टरांना मिळालं. त्यांनी दुसऱ्या जागेसाठी वर लिहिलं. इमारत उपलब्ध असल्याने दुसऱ्या इमारतीचा प्रश्न उद्भवत नाही, असं उत्तर आलं. त्या दिवशी त्यांनी स्वतःचं सरकारी क्वार्टर रिकामं केलं. क्वार्टर समोरच्या बाजूला होतं, रस्त्याला लागून, पुढे ओसरी, अंगणात शेवग्याचं झाड. तिथे त्यांनी बायकांसाठी खाटा टाकल्या. स्वतःची खाट, भांडी आणि बुद्धाची तसबीर घेऊन ते मागच्या इमारतीत राहायला गेले.

बाजारात लोक हसले ते यावर. गावात हसण्यावर भागलं नाही. बायका म्हणाल्या, आमचा कुर्मा डॉक्टरने घेतला, आता आम्ही मोडक्यात बसायचं का? म्हाताऱ्या पुरुषांपैकी काहीजण त्यांच्या हातून गोळ्या घेईनासे झाले. "टेबलावर ठेव, डॉक्टर," म्हणत. डॉक्टर ठेवत. म्हातारा त्या उचलून घेई. मी त्यांना विचारलं, याचा त्रास होत नाही का?

"माह्या आज्याले लोक वरून पाणी वाढत," ते म्हणाले. "मी टेबलावर गोळ्या ठेवून राह्यलो. टेबल आलं मधात. सुधारणाच म्हणा."

आणि बायका येऊ लागल्या. एक आली, तिने जाऊन सांगितलं, मग दुसरी आली. डॉक्टरांनी माहेर हा शब्द धरूनच ठेवला होता. तिथे आलेल्या पोरीने झाडू हातात धरायचा नाही, भांडी घासायची नाहीत, सकाळी उशिरापर्यंत झोपली तरी कुणी उठवायचं नाही. जेवणाचा निधी येत नव्हता. तांदूळ डॉक्टरांच्या घरून आरमोरीहून येत, भाजी कमलबाई आणत. निधी का येत नाही, हे पाहणीच्या दिवशी कळलं.

त्या उन्हाळ्यात सोमारी आली होती. तिचं गाव दुसऱ्या नाल्यापलीकडे. तिचं पहिलं मूल त्या नाल्याच्या काठावर गेलं होतं. खाटेवर घालून माणसांनी तिला आणलं, पाणी उतरायची वाट पाहिली, पाणी उतरलं नाही. या खेपेला पावसाआधीच सासू तिला घेऊन आली. आल्यावर सोमारीने गाठोडं सोडलं नाही, मांडीवर घेऊन बसून राहिली. डॉक्टरांनी तिला खाट दाखवली आणि म्हणाले, "हे पोरगं आपल्याले घरी न्यायचं हाय. समजलं? तोपर्यंत इथून हलायचं नाई." संध्याकाळी तिने गाठोडं सोडून लुगडं दोरीवर टाकलं. कमलबाईंनी ते डॉक्टरांना जाऊन सांगितलं. डॉक्टर त्या दिवशी झाडीबोलीतच बोलत राहिले.

पाहणीला जिल्ह्याचे साहेब आले. सोबत तालुक्याचे लोक होते आणि मीही होतो. साहेब ओसरीत चढले तशी सोमारी पोट सावरत उठायला लागली.

"बस तू," डॉक्टर म्हणाले. "माहेरी आलेली पोर पावण्यासाठी उठत नाई."

साहेब हसले. मग त्यांनी विचारलं, "माहेरघर कुठे आहे?"

"आपण उभे आहात तिथे."

"हे तर तुमचं क्वार्टर."

"होतं."

"आणि माहेरघरात कोण राहतं?"

"मी."

साहेबांचा ड्रायव्हर अंगणात खोकण्याच्या निमित्ताने हसला. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी कुर्म्याची सगळी हकिगत उभ्याने ऐकून घेतली.

"डॉक्टर, तुमचं म्हणणं मला पटतं," ते म्हणाले. "ॲपला पटत नाही. त्यात मागच्या इमारतीची जागा नोंदलेली आहे. तिथला फोटो नसेल तर वापर निरंक दिसतो. वापर निरंक, की निधी नाही. वरून योजनाच बंद करा म्हणतात. बायकांना फोटोपुरतं तिथे उभं करा. राहू देत इथे, मी काही म्हणणार नाही."

"दोन जीवाची बाई कुर्म्यासमोर उभी राहिली, असं गावात गेलं तर उद्या इथे एकही येणार नाही."

"मग त्याला रंग द्या. ओळखू येणार नाही असं काही तरी करा."

डॉक्टर दोन पावलं पुढे आले.

"साहेब, आपण स्मशानाला गुलाबी रंग देऊन तिथे नातवाचं बारसं कराल का?"

सोमारीची सासू भिंतीशी बसली होती. ती उठून डॉक्टरांच्या जवळ आली, काही सांगायला लागली. डॉक्टरांनी हाताने थांबवलं. "बाई, तुमी बसा. मी आहो ना. कोणी नाई उभी करत तुमच्या सुनेले." ती बसली. साहेबांनी चहा घेतला नाही.

गाड्या गेल्यावर कमलबाई म्हणाल्या, "काढू द्या ना जी एक फोटो."

"आपण आपलं काम करा," डॉक्टर म्हणाले.

पावसाळ्याच्या तोंडावर त्यांच्या कंत्राटाचं नूतनीकरण झालं नाही. कारणांत माहेरघराचा वापर निरंक असल्याचं लिहिलं होतं. स्मशानाचा उल्लेख नव्हता. ते एसटीत सामान टाकून आरमोरीला गेले. जाताना त्यांनी सोमारीला पुन्हा बजावलं की इथून हलायचं नाही.

नवीन डॉक्टर तरुण होता, विनम्र होता. सोबत बायको आणि तान्हं मूल. क्वार्टर त्याच्या हक्काचं होतं आणि त्याला त्याची गरज होती. त्याच्यावर ठपका ठेवावा असं काही मला सापडलं नाही. त्याने मागची इमारत धुऊन घेतली, खाटा तिकडे हलवल्या आणि बायकांना तिकडे राहायला सांगितलं. बाकीच्या बायका त्या दिवशीच निघून गेल्या. सोमारी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ओसरीत बसून होती. मग तिने दोरीवरचं लुगडं काढलं, गाठोडं बांधलं आणि सासूबरोबर पायी गावाकडे निघाली. कमलबाई तिच्यामागे फाट्यापर्यंत गेल्या. परत आणू शकल्या नाहीत.

पुढचं थोडक्यात सांगण्यासारखं आहे. पाऊस लागला. नाला भरला. तिला कळा सुरू झाल्या, माणसांनी खाट उचलली, काठावर आणून ठेवली. मूल तिथेच झालं. जन्मलं तेव्हा रडलं, असं सगळ्यांनी सांगितलं. पाणी उतरायच्या आत ते गेलं. सोमारी वाचली. माझी बातमी आतल्या पानावर, एका रकान्यात आली.

ती वाचून डॉक्टरांचा फोन आला. आरमोरीत त्यांनी एका गाळ्यात स्वतःचा दवाखाना सुरू केला होता. "तुमी पुन्हा तिकडे जान, त मी येतो," एवढंच म्हणाले. पाणी ओसरल्यावर आम्ही माझ्या मोटरसायकलवर गेलो.

सोमारी आत होती. ती बाहेर आली नाही. अंगणात सासू मोहाच्या टोळ्या, म्हणजे बिया, फोडत बसली होती. तिने डॉक्टरांकडे पाहिलं आणि काम चालू ठेवलं. गोंड म्हातारी माणसं मराठी बोलताना सगळ्यांनाच 'तू' म्हणतात.

"आता आला?"

"मी असतो त तिले जाऊ देलं नसतं, बाई."

"मंग तू काऊन नाई राह्यला?"

डॉक्टर उकिडवे बसले. त्यांनी तिला समजावून सांगितलं. ॲप, जागेची नोंद, निरंक, कंत्राट. मी त्यांना इतकं सावकाश बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"तुमच्या रीतीसाठी भांडलो मी," ते म्हणाले. "तुमच्या सुनेले कुर्म्यासमोर उभं करू देलं नाई, म्हणून मले काढलं."

म्हातारीने टोळी फोडली. गर एका बाजूला टाकला, टरफल दुसऱ्या.

"नोको उभं करू म्हणून तुले कोणी सांगतलं?"

"तुमची रीत हाय ना ते."

"रीत आमची हाय. तू काऊन राखते?" तिचा आवाज चढला नव्हता. "उभी राह्यली असती. फोटो काढला असता. मंग पेनाले कोंबडी देली असती, सुटली असती पोरगी. उभं राहाले कोंबडी चालते. तिथं मुक्काम रायाले नाई चालत. त्या दिशी तेच सांगाले मी उठली, त तू म्हणला बस."

पेन म्हणजे त्यांचा देव. असा उपाय खरोखर आहे का, हे मी नंतर गावात विचारलं. एका म्हाताऱ्याने हो म्हटलं. दुसऱ्याने सांगितलं, दोन जीवाच्या बाईला असलं काही लागू पडत नाही. कमलबाई म्हणाल्या की कोण विचारतं त्यावर आहे. म्हातारी खरं बोलली की दुःखात बोलली, ते मला ठरवता आलं नाही.

डॉक्टरांनी जमिनीवर पडलेलं एक टरफल उचललं, बोटांत फिरवलं.

"एका कोंबडीनं भागलं असतं?" त्यांनी विचारलं.

"एकीनं नसतं भागलं," म्हातारी म्हणाली, "त दोन देल्या असत्या."